सत्तर ग्रॅम कुणाचे?

समज, तुझ्यासमोर एक तराजू आहे. खेळण्यातला नव्हे, खरा. पितळेची दोन मोठी पारडी, मध्ये उभा काटा. एका पारड्यात अकरा दिवसांचं बाळ ठेव. हळू, मान सांभाळ. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत जा, आधी मोठी, मग बारकी. काटा बरोब्बर मध्यावर आला की थांब. आता सांग, बाळाचं वजन किती?

सोपं आहे, म्हणशील. वजनं मोजली की झालं.

बरं. आता त्या टेबलाभोवती चार मोठी माणसं उभी कर. चौघांचाही त्या बाळावर असा जीव आहे की विचारू नकोस. आता सांग.

बघ, लगेच अवघड झालं ना?

हे टेबल तेच, ज्याच्या दोन टोकांना बसून थोरल्या आणि धाकट्या भावानं कारखाना वाटून घेतला होता आणि पुढं सात वर्षं एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. थोरल्याकडे राहिला काटे दुरुस्तीचा धंदा, त्यावरची ही राहती जागा आणि एक नियम. नियम वडिलांचा होता. कुठलाही काटा दुरुस्त झाला की दोघांनी, वेगवेगळं, तपासायचा. एकाच्या डोळ्यावर विश्वास टाकून शिक्का मारायचा नाही. या नियमावर थोरल्यानं चाळीस वर्षं काढली. आता तो आजोबा झाला होता, आणि रविवारी सकाळी दहा वाजता नातीला पारड्यात ठेवून काठाला हात लावून उभा होता. पारडं हलू नये म्हणून.

नातीला अजून नाव नव्हतं. जन्मली तेव्हा आजोबांनी तिला तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "ही तर गुंज आहे गुंज." सोनं तोलायला पूर्वी जी इवलीशी लाल बी वापरत, ती गुंज. तेवढ्यावर तिचं नाव पडलं.

"धडा केलाय ना?" आजोबांनी विचारलं.

"केला की," आजी म्हणाल्या. "दुलई आधी एकटी ठेवली, तेवढं वजन समोर टाकलं, काटा मध्यावर आणला. चाळीस वर्षं तुमच्या घरात आहे, एवढं मला कळतं."

"विचारलं फक्त."

"मग ऐकलंत फक्त."

गुंजेचा बाबा हातात खडू घेऊन भिंतीवरच्या पाटीपाशी उभा होता. वजनं मोजून त्यानं आकडा लिहिला. दोन किलो नऊशे साठ.

"बघा!" आजींनी टाळी वाजवली. "जन्मली तेव्हा किती? दोन नऊशे. पाचव्या दिवशी उतरून किती झाली होती? दोन सहाशे ऐंशी. आणि आज? ती नर्सबाई येऊ दे आता. म्हणत होती, वजन चढलं नाही तर डबा सुरू करू. डबा! आईचं दूध ते आईचं दूध. त्याची सर कशाला येणार आहे?"

हा टोमणा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे गुंजेची आत्या बसली होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची, आणि स्वतःची जुळी तिनं डब्याच्या दुधावर वाढवली होती. दोघंही आता तिच्यापेक्षा वीतभर उंच झाले होते. बाळंतपणाची बातमी कळली तशी ती पावडरीचा डबा घेऊनच आली होती. आजींनी तो डबा ज्या फळीवर ठेवला होता, तिथे घरात उंदराचं औषधही ठेवत.

"वजन वाढलं ना? मग झालं," आत्या म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. हरलेली माणसं असं हसत नाहीत.

गुंजेची आई हे सगळं खुर्चीतून पाहत होती. तिनं काही टाळी वाजवली नाही.

तिची नोकरी अग्निशमन केंद्रात, फोनवर. कुठे आग लागली की लोक तिथे वर्दी देतात. लोक ओरडतात, रडतात, तिघं एकदम बोलतात, आणि तिला दोन मिनिटांत त्या गोंगाटातून खरी गोष्ट शोधून काढायची असते. नऊ वर्षांत तिचे कान असे तयार झाले होते की खोटी वर्दी तिला पहिल्याच वाक्याला कळायची. खरी वर्दी देणारा अडखळतो. खोटी देणारा कसा, सगळं जुळवून सांगतो.

पाटीवरचा आकडा तिला फार जुळवून सांगितल्यासारखा वाटत होता.

कारण तिला माहीत होतं ना. गुंज चार घोट घेते आणि झोपते. तळपायाला गुदगुल्या करा, गालावर ओला कपडा लावा, छे. भूक लागली म्हणून रडतसुद्धा नाही. अकरा दिवसांत तिचं रडणं खालच्या मजल्यावर एकदाही गेलं नव्हतं. खाली कारखान्यात दुरुस्तीला आलेली पारडी साखळ्यांनी टांगलेली असत. रस्त्यावरून जड ट्रक गेला की ती किणकिणत. आजोबा म्हणत, "हिनं एकदा अशी आरोळी ठोकावी की पारडी वाजली पाहिजेत." ते गमतीनं म्हणत, पण म्हणताना नातीकडे बघत नसत.

घरात तिला दिवसातून दहादा विचारलं जाई, "येतंय ना?" सासूबाई सहा वेळा वाडगाभर गरम सूप आणून देत आणि ती पिऊन होईपर्यंत समोर बसून राहत. नणंद म्हणे, "एवढं कशाला सोसतेस? डबा म्हणजे काय विष आहे?" नवरा दोघींनाही मान डोलावत असे. त्याचा दोन्ही डगरींवर हात. आणि तिला स्वतःला हवं होतं एकच, कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. माझं दूध माझ्या मुलीला पुरतंय की नाही? हो म्हणा. नाही म्हणा. पण खरं म्हणा.

अकराला नर्सबाई आल्या. खांद्याला मोठी पिशवी, पायात बूट. पाटीकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सहा दिवसांत दोनशे ऐंशी ग्रॅम? वा. काय खायला घालताय, शिसं?"

आजी हसल्या, पण जरा उशिरा.

"माझ्या काट्यावर एकदा बघते," असं म्हणून नर्सबाईंनी पिशवीतून गोल तबकडीचा काटा काढला. त्याला खाली हूक, हुकाला कापडाची झोळी. काटा त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवला, झोळीसकट शून्यावर आणला आणि दुलईबिलई सगळी काढून गुंजेला झोळीत घातलं. गुंज झोळीत गोगलगाईसारखी गोळा होऊन झोपली.

"दोन आठशे वीस," नर्सबाई म्हणाल्या.

खोलीत एकदम सगळ्यांना काहीतरी आठवलं. आजींना गॅस आठवला, बाबाला खडूचा डबा.

"तुमचा काटा चुकतोय," आजोबा ठामपणे म्हणाले. "या स्प्रिंगच्या काट्यांचं असंच असतं. दवाखान्यात आपटतात, धोपटतात, कुणी तपासत नाही—"

नर्सबाईंनी काटा उलटा करून दाखवला. मागे शिशाचा ताजा शिक्का होता. त्याच्यावर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शिक्का काही बदलला नाही. ही खूण या शहरात एकाच कारखान्याची होती, आणि नर्सबाईंनी तो काटा तीन आठवड्यांपूर्वी याच घराच्या खालच्या मजल्यावरून दुरुस्त करून नेला होता.

"दोघांनी तपासलाय," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत तेव्हा. 'सिस्टर, दोघांनी तपासल्याशिवाय इथून काटा बाहेर जात नाही.'"

मग व्हायचं तेच झालं. सगळे एकदम बोलायला लागले. आजी म्हणाल्या, बाळ आत्ताच ओलं झालं होतं, त्यानं वजन उतरलं असेल. आत्या म्हणाली, आई, शंभर-दीडशे ग्रॅम ओलं व्हायला ते काय म्हशीचं रेडकू आहे? आजी म्हणाल्या, तू मध्ये बोलू नकोस, तुझ्या त्या डब्याची पहिल्या दिवसापासून नजर आहे या पोरीवर. बाबा म्हणाला, दोघी जरा थांबा. दोघी म्हणाल्या, तू गप्प बैस!

"एकेकानं बोला."

आवाज चढवलेला नव्हता. पण तो घरातल्या सुनेचाही नव्हता. अग्निशमन केंद्राच्या फोनवरचा तो आवाज या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता.

"इथे दोन नऊशे साठ. तिथे दोन आठशे वीस. एकशे चाळीस ग्रॅमचा फरक आहे. हा फरक कुठून आला, ते मला हवंय. कुणी केलं, का केलं, हे नंतर. आधी कुठे आणि किती. आई, तुमच्यापासून."

"माझ्यापासून का?"

"धडा तुम्ही केलात म्हणून."

आजींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग टेबलावरची दुलई ओढून घेतली आणि तिच्या दुमडीतून एक पितळी वजन काढून टेबलावर ठेवलं. पन्नास ग्रॅमचं. छान चकचकीत.

"धडा झाल्यावर घातलं," त्या म्हणाल्या. "आधी घातलं असतं तर धड्यात गेलं असतं."

एवढ्यातही आजोबांनी कौतुकानं मान हलवली. मग आपण काय करतोय ते ध्यानात येऊन थांबवली.

"आई! तू?" आत्या उभीच राहिली. "अंगावरच्या दुधाचा एवढा झेंडा मिरवतेस आणि—"

"खाली बैस. सांगते." आजींनी लेकीकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं. "माझ्या पहिल्या खेपेला माझी सासू रोज विचारायची, 'येतंय का?' नव्हतं येत. मी म्हणायचे, येतंय. तिसऱ्या आठवड्यापासून शेजारणीकडून डबा आणवला आणि न्हाणीघरात दार लावून बाटलीनं पाजलं. वर्षभर. कुणाला कळलं नाही. तुला परवा विचारलं ना मी, 'येतंय ना?', तेव्हा माझ्याच तोंडून मला माझ्या सासूचा आवाज आला. म्हटलं, निदान आकडा तरी बरा दिसू दे पोरीला."

पहिली खेप म्हणजे कोण, हे कळायला आत्याला जरा वेळ लागला.

"म्हणजे मी?" ती म्हणाली. "मी डब्यावर?"

"हो."

"आणि माझ्या जुळ्यांना डबा दिला म्हणून सोळा वर्षं मला ऐकवतेस?"

"तुला ऐकवताना माझं मला ऐकू येत नव्हतं," आजी म्हणाल्या. "आणि हा तुझा भाऊ दीड वर्ष अंगावर प्यायला. तरी बघ, हो म्हणायचं की नाही तेवढंही याला ठरवता येत नाही."

"माझा काय संबंध?" बाबा म्हणाला.

"आलेच तुझ्याकडे," त्याची बायको म्हणाली. "खडू तुझ्या हातात होता."

त्यानं खडूकडे असं पाहिलं, जणू तो कुणीतरी त्याच्या हातात घुसवला होता. "वीस," तो पुटपुटला. "खरे नऊशे चाळीस आले होते. काल तू नळ सोडून रडत होतीस. मला वाटलं नळाच्या आवाजात मला कळणार नाही असं तुला वाटतंय, म्हणून मी कळलं नाही असं दाखवलं. आणि आज वीस वाढवले. वीसनं काय होतंय?"

"ताई?"

आत्यानं मान ताठ केली. "मी वजनाला हात लावला नाही. मी बाळाला दूध दिलं. डब्याचं. काल दोनदा, परवा दोनदा, तू अंघोळीला गेलीस तेव्हा. तीस-तीस मिली."

"पाणी उकळलेलं?" नर्सबाईंनी ताडकन विचारलं.

"उकळून, नीट निववून. माप सपाट, काठावरून सुरी फिरवून. बाटली दर वेळी उकळलेली. मी याच घरातली मुलगी आहे सिस्टर, माप चुकायचं नाही."

"माप नाही चुकलं," नर्सबाई म्हणाल्या. "विचारायचं चुकलं."

म्हणजे गंमत बघ. ज्या घरात सकाळपासून फक्त खोटे आकडे वाढत होते, तिथे जे काही ग्रॅम खरोखर बाळाच्या अंगी लागले, त्यांतले काही आत्याच्या चोरट्या डब्याचे होते. आणि त्या ग्रॅमांवर टाळ्या कुणाला मिळाल्या? आईच्या दुधाला. आत्या आपल्याच डब्यानं विरुद्ध बाजू जिंकवत बसली होती आणि मनातल्या मनात स्वतःला विजयी समजत होती.

पण गुंजेच्या आईचं गणित अजून संपलं नव्हतं. ती पाटीपाशी गेली. खडू घेतला.

"ताईंचं दूध बाळाच्या पोटात गेलं. ते दोन्ही काट्यांवर सारखंच दिसणार, म्हणून ते फरकात धरायचं नाही." तिनं लिहिलं, एकशे चाळीस. खाली लिहिलं, पन्नास. त्याखाली वीस. "एकशे चाळीसातून सत्तर गेले. सत्तर उरतात."

तिनं सत्तरभोवती गोल काढला. खालून रस्त्यावरचा आवाज येत होता.

"सत्तर ग्रॅम कुणाचे?"

आजी लेकाकडे बघू लागल्या. लेक बहिणीकडे. बहीण नर्सबाईंकडे. आणि आजोबा कुणाकडेच बघत नव्हते. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. पारडं हलू नये म्हणून काठाला लावलेल्या हाताकडे. त्याच्या अंगठ्याकडे.

"बाबा?" सून हळूच सासऱ्यांना म्हणाली.

"मला वाटलं, मी नुसता टेकवलाय," आजोबा म्हणाले.

या एका अंगठ्यासाठी त्यांनी चाळीस वर्षांत किती दुकानदारांना खडसावलं होतं! 'हात काढा. पारड्याला हात लावायचा नाही. नुसता टेकवला म्हणता, टेकवला तरी तो बोलतो.' धाकट्या भावाशी फाटलं तेही अशाच एका टेकवलेल्या बोटावरून. तेव्हा धाकट्याचंही उत्तर हेच होतं, शब्दाला शब्द.

"दोघांनी तपासायचं, हा नियम," ते म्हणाले. "इथे तर चौघांनी तपासलं."

"आणि चौघांनी खोटं तपासलं," सून म्हणाली. मग ती परत खुर्चीत बसली. "रागवत नाहीये मी. खरंच नाही. पण ऐका. आमच्याकडे खोटी वर्दी येते ना, तेव्हा देणाऱ्याचा हेतू कधीकधी चांगलाही असतो. बंब मात्र चुकीच्या गल्लीत जातो. मला माझी मुलगी कुठे आहे तेच कळत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला दुसऱ्याच गल्लीत पाठवलंत."

आजींनी डोळ्यांना पदर लावला. आत्यानं आईच्या पाठीवर हात ठेवला. तो तिथे कसा गेला, हे बहुधा दोघींनाही कळलं नाही. आजोबा अंगठा मुठीत लपवून उभे राहिले.

"आता मी बोलू?" नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली. "दोन आठशे वीस. पाचव्या दिवसापेक्षा एकशे चाळीस जास्त. जन्माच्या वजनाला अजून पोचली नाही, पण चाल वरची आहे. यात तुझं किती आणि डब्याचं किती, ते मला सांगता येणार नाही, आणि या गुप्त कारभारामुळे तुलाही नाही. पण लंगोट ओले होतात?"

"दिवसाला सहा-सात."

"मग दूध येतंय. दूध नसतं तर लंगोट कुठून भिजले असते? खरा प्रश्न हिच्या झोपेचा दिसतोय. ती भरपूर मागत नाही, म्हणून भरपूर मिळत नाही. धर बघू तिला, कशी धरतेस."

नर्सबाईंनी तिची कोपराखालची उशी काढली, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं, नाक वर केलं. बारीकसारीक गोष्टी होत्या. अशा बारीकसारीक गोष्टी दाखवायला या घरात अकरा दिवसांत कुणाला सवड झाली नव्हती. सगळे तत्त्वासाठी लढत होते.

"दोन-अडीच तासांनी उठवून पाज, दोन्ही बाजूंना. तीन दिवसांनी मी पुन्हा बघते, डॉक्टरांनाही सांगते. मध्ये वरचं द्यायचं का, किती द्यायचं, हे आपण दोघी ठरवू. द्यावं लागलं तर ते औषधासारखं द्यायचं. त्यात हार नाही की जीत नाही. आणि नाही लागलं तरी नाही. तुला काय वाटतं?"

तुला काय वाटतं. अकरा दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच या खोलीत आला होता. गुंजेच्या आईला उत्तर द्यायला वेळ लागला. खरं बोलणारा अडखळतो, हे तिला माहीत होतं, म्हणून ती घाईत नव्हती.

"आधी माझं," ती म्हणाली. "नीट, तुम्ही दाखवलं तसं. आणि दिवसातून एकदा, दुपारी, ताई देतील डब्याचं. माझ्यासमोर, मला सांगून. तेवढा वेळ मी झोपेन. तीन दिवसांनी बघू. आणि आई, सूप तीनदाच."

"म्हणजे अंगावरचंच म्हणायचं," आजी समाधानानं म्हणाल्या.

"म्हणजे डबा सुरू झाला तर," आत्या त्याच समाधानानं म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. युद्ध संपलं होतं आणि दोन्ही बाजू जिंकल्या होत्या.

आत्यानं स्टूल ओढून फळीवरचा डबा उतरवला आणि साखरेच्या डब्याशेजारी ठेवला. आजींनी तो बघितला. सरकवला, पण दोनच बोटं.

"हा तराजू मी खाली नेतो," आजोबा म्हणाले. "माझ्या घरात पुन्हा बाळ तोलायचं नाही. सिस्टर तोलतील."

त्यांनी आधी हात धुतले. साबण लावून, नखांत ब्रश घालून, अंगठा दोनदा. मग निघण्यापूर्वी सुनेपुढे येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण चाळीस वर्षांत माफी मागायची वेळ न आलेल्या माणसाला तिचे शब्द कुठे ठेवलेले असतात ते सापडत नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि तोच अंगठा नातीच्या गालावर हलकेच टेकवल्यासारखा केला.

गुंजेनं डोळे उघडले. तिनं मान वळवली, तोंडाचा आ केला आणि अंगठा पकडला. एकदा चोखला. दोनदा चोखला. तिसऱ्यांदा इतक्या जोरानं चोखला की आजोबांनी "अरे!" म्हटलं. मग ती थांबली. त्यात काहीच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं अंगठा थुंकून टाकला, कपाळाला आठ्या घातल्या, चेहरा लालबुंद केला, आणि जन्मल्यापासून साठवलेली अशी एक आरोळी ठोकली की खाली कारखान्यात टांगलेली सगळी पारडी किणकिणली.